पान ६१ च्या पुढं

आधी सांगते, मी काही पुस्तकातला किडा वगैरे नाही. शिक्षण सगळं मराठी मीडियममधून, बीकॉम, नोकरी पतसंस्थेत, कामात इंग्रजी येतं ते सॉफ्टवेअरच्या मेनूत आणि ऑडिटच्या रिपोर्टात. इंग्रजी कादंबरी आयुष्यात एकही पूर्ण वाचलेली नव्हती. आणि ह्या वर्षी फेब्रुवारीत वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी स्कॉट वेस्टरफेल्डची 'लेव्हायथन' मालिका, तीन जाडजूड पुस्तकं, वाचून संपवली. सुरुवात केली तेव्हा नेटवर शोधलं होतं की माझ्यासारख्या बाईनं हे असलं कसं वाचायचं, तर सगळे सापडले ते लहानपणापासून इंग्रजी वाचणारे. म्हणून हे लिहून ठेवतेय.

सुरुवात पोरामुळं झाली. जुलै २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर ह्याची अ‍ॅनिमे सिरीज आली, ती आमच्या चिरंजीवांनी (आठवी, सेमी इंग्रजी) दोन दिवसात बघून टाकली आणि जाहीर केलं की ह्याची पुस्तकं आहेत, मला पाहिजेत. ज्या पोराला बालभारतीचा धडा वाचायला लावायचा तर घरात महाभारत होतं, तो पुस्तक मागतोय म्हणल्यावर मी ऑफिसातून रजाच टाकायच्या बेतात होते.

कराडात चौकशी केली, कुठंच नाही. मग १७ ऑगस्टला, रविवार होता, पुण्यात नणंदेकडं गेलो होतो तेव्हा अप्पा बळवंत चौकाच्या बाजूला जुन्या पुस्तकांच्या ढिगात पहिला भाग मिळाला. दीडशे रुपये. पाठीवर पाण्याचा डाग, पण पानं सगळी होती (जुनं पुस्तक घेताना शेवटची पानं आहेत का बघा, तीच गळलेली असतात). घरी येऊन उघडलं तर आत पुण्याच्या सिटी बसचं एक तिकीट, खुणेला ठेवलेलं. पान ६१. म्हणजे आधी ज्याचं कुणाचं होतं त्यानं तिथंच नाद सोडलेला.

आमच्या चिरंजीवांनी तर तिथपर्यंतही मजल मारली नाही. तेविसाव्या पानावर पुस्तक पालथं पडलं ते गणपतीपर्यंत पालथंच. "मम्मी अवघड आहे गं, आणि मला माहितीये पुढं काय होतं." दीडशे रुपये वाया जाणार म्हणून मी उचललं, खरं कारण एवढंच.

आता हे आहे काय ते थोडक्यात. साल १९१४. पहिलं महायुद्ध सुरू होतंय, पण आपल्याला माहीत असलेलं नाही. एका बाजूला ऑस्ट्रिया, जर्मनी वगैरे, त्यांच्याकडं चालणारी लोखंडी यंत्रं, पायांवर चालणारे रणगाडेच म्हणा. त्यांना म्हणतात क्लँकर. दुसऱ्या बाजूला ब्रिटिश, त्यांच्याकडं डार्विननं असा काही शोध लावलाय की प्राण्यांची मिसळण करून नवीन प्राणी बनवता येतात, ते डार्विनिस्ट. लेव्हायथन म्हणजे ब्रिटिशांचं एक विमान, पण ते विमान म्हणजे हवेत तरंगणारा भलामोठा देवमासा. जिवंत. त्याच्या पोटात माणसं राहतात. दोन मुलं आहेत, एक अ‍ॅलेक, ऑस्ट्रियाच्या युवराजाचा मुलगा, आईबाप मारले गेल्यावर रात्रीतून पळालेला. आणि एक डेरिन, स्कॉटलंडची पोरगी, मुलाचं सोंग घेऊन हवाई दलात भरती झालेली. प्रकरणं आलटून पालटून, एकदा हा एकदा ती.

पहिली पन्नास पानं मला एकोणीस दिवस लागले. खोटं नाही, वहीत तारखा आहेत. मी शाळेसारखं करत होते, प्रत्येक अडलेला शब्द मोबाईलवर बघायचा आणि वहीत लिहायचा. एका पानाला वीस बावीस शब्द. त्यातले निम्मे डिक्शनरीत सापडेचनात, मला वाटायचं माझंच स्पेलिंग चुकतंय, नंतर कळलं की ते शब्द लेखकानं स्वतः बनवलेत! डेरिन सारखी "बार्किंग स्पायडर्स" म्हणते, मी अर्धा तास शोधत बसले की ही कोळ्याची कुठली जात. तर ती नुसती तिची शिवी आहे. साधी, लहान मुलांत चालेल अशी.

आणि बरोबर साठ बासष्ट पानांच्या आसपास मीपण अडकले. यंत्राचे भाग, जर्मन नावं, कोण कुठं उभाय काही कळेना. ऑफिसात डब्याच्या वेळी काढलं तर मॅडम म्हणाल्या, "काय हो, मुलांचं पुस्तक वाचताय?" आता कव्हरच तसं आहे. मी म्हणलं पोराच्या शाळेचं आहे. का खोटं बोलले देव जाणे. चार दिवस पुस्तक पर्समध्ये तसंच फिरलं, तिकीट ६१ वर.

सुटका झाली ती दोन गोष्टींनी. एक म्हणजे सहज शेवट उघडून बघितला, तिथं लेखकानं दोन तीन पानांत साध्या इंग्रजीत सांगितलंय की ह्यातलं खरं काय आणि मी रचलेलं काय. ते मला सगळं समजलं! एकही शब्द न बघता. पुस्तक अवघड नव्हतं, मीच प्रत्येक शब्दाला हिशोबाच्या एंट्रीसारखी टिक करत बसले होते. तुम्ही अडकलात तर आधी ही शेवटची पानं वाचा, गोष्ट थोडी फुटते पण धीर येतो. दुसरं म्हणजे चित्रं. कीथ थॉम्पसन म्हणून चित्रकार आहे, त्याची काळी पांढरी चित्रं दर थोड्या पानांनी येतात, आणि जे वाचून कळत नाही ते चित्रात असतंय. मी वही बंद केली. नियम एकच, पानाला तीनच शब्द बघायचे, बाकी चित्र बघून अंदाज.

मग मात्र गाडी निघाली. मी कराड ते सातारा रोज एसटीनं जाते, अर्ध्या तिकिटात, हायवेचं काम चालू असल्यानं सव्वा दीड तास कुठं जात नाही. तो सगळा वेळ पुस्तकाला. सकाळच्या गाडीत डावीकडची खिडकी धरा, उन्हाची तिरीप पानावर येत नाही, हे मला दोन आठवड्यांनी समजलं.

खरी मजा घरी. सासूबाईंना मी आत्या म्हणते, वय ७८, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, टीव्हीला कंटाळल्यात. संध्याकाळी मेथी निवडत बसल्या की विचारायच्या, आज काय वाचलंस गं. मी सांगायला लागले. पहिल्याच दिवशी निरोप्या पालींचं सांगितलं. लेव्हायथनवर फोन नाहीत, पाली आहेत, त्यांच्याजवळ निरोप बोलायचा आणि ती पाल नळीतनं सरपटत जाऊन ज्याचा निरोप त्याला तुमच्याच आवाजात बोलून दाखवते. आत्या हातातली जुडी टाकून म्हणाल्या, "आपल्यात नुसती चुकचुकली तर माणूस बोलायचं थांबतंय, आणि ह्यांच्यात कॅप्टनच्या आवाजात बोलती? मेलेच की मी." त्या दिवसापासून रोज विचारणा, त्या पोरीचं कळलं का गं कुणाला. डेरिन पोरगी आहे हे उघडं पडतंय की काय ह्याची आत्यांना माझ्यापेक्षा जास्त काळजी. त्यांचं म्हणणं, "दाढी येत नाही एवढं त्या सायबांना दिसत नाही व्हय?"

आणि एक दिवस मी वटवाघळांचं सांगत होते. विमानावर वटवाघळं पाळलेली असतात, त्यांना खायला लोखंडी खिळे घालतात, आणि शत्रू खाली आला की त्यांच्यावर लाल दिवा मारायचा, मग ती भिऊन खाली शी करतात आणि सगळे खिळे शत्रूवर. आतल्या खोलीतून चिरंजीव बाहेर. "हे पुस्तकात आहे?" आहे म्हणलं. "कुठल्या पानावर?" मी म्हणलं, शोध की तुझा तू.

पहिला भाग २८ सप्टेंबरला संपला, दसऱ्याच्या आधी.

ह्या भागाबद्दल माझं मत विचाराल तर डेरिन मला जास्त आवडली, पण रडू आलं ते अ‍ॅलेकच्या सुरुवातीला. रात्री खेळण्यातले शिपाई मांडून बसलेलं पोर, आणि त्याच्या तालमीचे मास्तर येऊन म्हणतात चल. खऱ्या इतिहासात असा कुणी अ‍ॅलेक नव्हता. खऱ्या युवराजाला, फ्रान्झ फर्डिनांडला, तीन मुलं होती, सोफी, मॅक्स आणि अर्न्स्ट, सगळ्यात मोठी सोफी तेरासुद्धा पूर्ण नव्हती. बायको राजघराण्यातली नाही म्हणून ह्याला लग्नाआधी शपथ घ्यायला लावली होती की आमच्या मुलांना गादी मिळणार नाही. ती शपथ २८ जून १९०० ची, आणि सारायेव्होत दोघं मारले गेले ते २८ जून १९१४. तारीख तीच! मी एसटीत हे वाचलं आणि शेजारच्या बाईला सांगावंसं वाटलं. पुढं हिटलरनं ऑस्ट्रिया घेतल्यावर मॅक्स आणि अर्न्स्ट दोघांना डाखाऊच्या छळछावणीत टाकलं. आणि हाच फ्रान्झ फर्डिनांड १८९३ मध्ये मुंबईला उतरून आपल्याकडं शिकारी करत हिंडला होता. शाळेत आम्हाला हे सगळं एका मार्काचं होतं. पहिल्या महायुद्धाचं तात्कालिक कारण लिहा. बस.

आता दुसरा भाग, 'बेहेमथ'. इथं जो घोळ झाला तो नीट सांगते.

४ ऑक्टोबरला ऑनलाइन मागवला, ४४९ रुपये. ९ तारखेला पार्सल आलं, उघडलं तर तिसरा भाग. बिलावर दुसरा, आत तिसरा. रिटर्न टाकला तर फोटो मागितले, फोटो टाकले तर म्हणे आयएसबीएन नंबर दिसत नाही. परत टाकले. पिकअपला माणूस येणार म्हणून मी हाफ डे घेतला, कुणी आलंच नाही आणि मेसेज मात्र आला की ग्राहक घरी नव्हते. आत्या दिवसभर दारात बसून होत्या! असं दोनदा. पैसे परत आले ते दिवाळी झाल्यावर, २७ तारखेला. एकच सांगते, पुस्तकाचं पार्सल असलं तरी उघडताना व्हिडिओ काढा, आणि मालिका असेल तर ऑर्डर करताना नाव वाचू नका, मागच्या कव्हरवरचा तो तेरा आकडी नंबर जुळवा.

दरम्यान मी वाचनालयात गेले होते. तिथं मेंबर व्हायला फॉर्म, आधारची झेरॉक्स, दोन फोटो, जुन्या सभासदाची जामीन म्हणून सही, अनामत पाचशे आणि महिना पन्नास. सही आमच्या शाखेच्या शिपाईमामांनी केली, ते तिथले पंधरा वर्षांचे सभासद निघाले, आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. इंग्रजीचं एकच कपाट आणि त्यात सगळ्या जुन्या रहस्यकथा. ग्रंथपाल सर चांगले, म्हणाले मागणी वहीत लिहून ठेवा, अनुदानाचा हप्ता आला की खरेदी समितीपुढं ठेवतो. कधी येईल? त्यावर सर नुसतं हसले. मी लिहिलं, नाव, लेखक, तीन भाग, खाली सही. मागच्या पानावरच्या मागण्या २०२३ च्या होत्या.

शेवटी दुसरा भाग मोबाईलवर ई-बुक घेतला. ३९९ रुपये गेले, ते वेगळंच. वाचायला सोपं पडतं कारण शब्दावर बोट ठेवलं की अर्थ येतो, पण चित्रं एवढीएवढीशी आणि रात्री डोळे चुरचुरतात. परत करायचं झालं तर कागदाचंच घेईन.

पण हा भाग म्हणजे माझ्या मते तिन्हीत सरस. सगळी गोष्ट इस्तंबूलमध्ये. तिथं प्रत्येक समाजाची आपापली चालणारी यंत्रं आहेत, बाजार आहे, गल्ल्या आहेत, सुलतानाविरुद्ध कट शिजतोय. आणि मुळात भांडण कशावरून, तर तुर्कांनी ब्रिटिशांकडं पैसे भरून युद्धनौका बांधायला टाकली होती, ती तयार झाल्यावर चर्चिलनं देत नाही म्हणून ठेवून घेतली. हे खरं घडलेलं आहे, ऑगस्ट १९१४, आणि खरं तर एक नव्हे दोन नौका. लोकांनी वर्गणी काढून पैसे जमवले होते. मग जर्मनीनं आपली 'गोएबेन' नावाची नौका तुर्कांना दिली, आणि ऑक्टोबरअखेर तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूनं युद्धात. पतसंस्थेत असल्यामुळं मला ठेवीदाराची बाजू लगेच कळली.

आता पुढं गोष्ट थोडी फुटणार आहे, नको असेल तर हा भाग सोडून खाली जा.

पुस्तकात तसं होत नाही. ही पोरं, ते बंडवाले, तो समुद्रातला राक्षसी प्राणी, सगळं मिळून असं काही होतं की तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूनं लढाईत पडतच नाही. मी हे वाचलं ३० नोव्हेंबरला, रविवारी दुपारी, आणि नेहमीसारखं आत्यांना सांगायला बसले. आत्या गप्प. मग म्हणाल्या, "तुर्कांशी लढाई झालीच नाही?" नाही म्हणलं, ह्या गोष्टीत नाही झाली. "मग बसऱ्याला कोण गेलं?"

मला क्षणभर कळलंच नाही. आमच्या सासरच्या गावात, सातारा जिल्ह्यातच, चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतकी माणसं गेली, पैकी इतकी कामी आली, असं. नावं नाहीत, नुसते आकडे. गेले ३१, कामी आले ४. त्या चारातले एक म्हणजे आत्यांच्या सासऱ्यांचे चुलते. घरात एवढंच माहीत की मराठा पलटणीत होते, बसऱ्याकडं गेले ते गेले. मी लग्न होऊन आल्यापासून ती पाटी बघतेय, कधी हिशोब लावला नव्हता. आता लावला. तुर्कस्तान युद्धात उतरलं म्हणून सहावी पूना डिव्हिजन इराकात उतरली, नोव्हेंबरात बसरा घेतलं, वर बगदादकडं गेली, मार खाऊन कूत नावाच्या गावी मागं आली आणि तिथं वेढ्यात सापडली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. शेवटी शेवटी घोडे मारून खायची पाळी. मग शरणागती, आणि कैदी चालत तुर्कस्तानाकडं. कितीतरी वाटेतच गेले. त्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या.

आत्या म्हणाल्या, "त्यांच्या बायकोनं कुंकू पुसलं नव्हतं म्हणं. तार आली नव्हती ना. म्हातारी होऊन गेली, कुंकू तसंच."

चिरंजीव ऐकत होते. म्हणले, "म्हणजे डेरिननं जे केलं ते खरंच झालं असतं तर ते परत आले असते?" ह्याला काय उत्तर द्यायचं. मी म्हणलं, आले असते बहुतेक.

नंतर आम्ही दोघांनी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर शोधलं, फुकट आहे, लॉगिन लागत नाही. पलटणीच्या नावानं शोधता येतं. कुणाच्या घरी असं कुणी असेल तर टीप: आडनाव पाच सहा प्रकारे लिहून बघा, त्या काळच्या कारकुनांनी कानाला ऐकू येईल तसं इंग्रजीत लिहिलंय, आणि काही नोंदींत बापाचं नाव, गाव, जिल्हा असतो. आम्हाला दोन नावं जुळणारी मिळाली, गाव मात्र दोन्हीत जुळत नाही. अजून शोधतोय.

इथं माझी लेखकावर एक तक्रारही आहे. दहा लाखांहून जास्त माणसं आपल्याकडनं त्या युद्धात परदेशात पाठवली होती, आणि गोष्टीत पार सायबेरिया, जपान, मेक्सिकोपर्यंत फिरून होतं पण आपल्या शिपायांची गोष्ट काही कुणी सांगत नाही. आणि युद्ध जरा जास्तच गमतीचं दाखवलंय. मुलांचं पुस्तक आहे हे मान्य, पण तरी.

तिसरा भाग, 'गोलायथ', ५९९ रुपयाला नवा घेतला (हो, जो मी आधी परत केला तोच!). पाचशेच्या वर पानं, ८ फेब्रुवारीला संपला. टेस्ला येतो, तो वीजवाला खराखुरा निकोला टेस्ला, आणि सायबेरियात १९०८ साली जंगलच्या जंगल आडवं झालेलं ते तुंगुस्काचं प्रकरण. कल्पना जबरदस्त, पण मधे दीडशे पानं नुसतं इकडून तिकडं. आणि डेरिनचं मनातल्या मनात झुरणं एवढं लांबवलंय की आत्याच म्हणाल्या, "सांगून टाक म्हणावं एकदाचं." काय होतं ते सांगत नाही. आत्यांना शेवट पटला, मला निम्मा.

सगळा खर्च धरला तर ११४८ रुपये पुस्तकांचे, वर वाचनालयाची अनामत, ती परत मिळते. आणि दोन हाफ डे.

महाशिवरात्रीला गावी गेलो होतो. चावडीच्या पाटीवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लावलेला, निम्मी पाटी झाकलेली. चिरंजीवांनी फ्लेक्सची खालची सुतळी सोडून कोपरा वर दुमडला, खिशातल्या रुमालानं आकड्यांवरची धूळ पुसली आणि फोटो काढला. कुणी काही बोललं नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात वाचनालयातून फोन, "मॅडम, तुमचं ते देवमाशाचं आलंय." एकच भाग आलाय, पहिला, जो माझ्याकडं आहेच. तरी जाऊन घेऊन आले, कोरी करकरीत प्रत, तारखेच्या चिठ्ठीवर पहिली नोंद आमचीच. चिरंजीव म्हणले मला जुनंच बरं, नव्याचा वास येतो. रात्री तो झोपला की मी हळूच बघते, त्याला विचारत नाही. बसचं तिकीट परवा १८८ वर होतं, काल २१२ वर.